क्यू हवा, यू नको!

प्रश्न : आमच्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर रोज एक इंग्रजी शब्दकोडं पडतं. परवाचं असं होतं, पाच अक्षरी शब्द पाहिजे, त्यात क्यू असावा आणि यू कुठंच नसावा. मुलगी आठवीत आहे, ती म्हणते असा शब्दच नसतो, क्यूच्या पाठोपाठ यू येतोच असं शाळेत सांगितलंय. असले शब्द असले तर अर्थासकट द्या ना. (एक आई, विश्रामबाग, सांगली)

उत्तर : ताई, शाळेतलं चूक नाही, पण ते निम्मंच आहे. क्वीन, क्विक हे शब्द जुन्या इंग्रजीत सी-डब्ल्यू लावून लिहायचे, १०६६ नंतर नॉर्मन राज्य आलं, फ्रेंच पद्धतीनं लिहिणारे कारकून आले आणि तिथनं क्यू-यू ही जोडी इंग्रजीत पक्की बसली. म्हणजे हा नियम लॅटिन-फ्रेंच वळणाच्या शब्दांचा. अरबीतनं आलेल्या शब्दांना तो कशाला लागू होईल? अरबीत एक अक्षर आहे काफ, घशातनं खोल उच्चारायचं, आपल्या साध्या क पेक्षा वेगळं, आणि ते रोमनमधे लिहिताना क्यू वापरतात, यू न जोडता.

आता गंमत बघा, हे शब्द आपल्याला पाठ करायलाच लागत नाहीत, बरेचसे घरातलेच आहेत. एफ-ए-क्यू-आय-आर, फकीर (इंग्रजीत तो के लावून जास्त दिसतो, पण क्यूवालं स्पेलिंगही डिक्शनरीत आहे). टी-ए-एल-ए-क्यू, तलाक. एन-आय-क्यू-ए-बी, नकाब, म्हणजे चेहरा झाकायचं वस्त्र. क्यू-आय-बी-एल-ए, किब्ला, नमाज पढताना मक्केतल्या काबाकडं तोंड करतात ती दिशा. बुरखा मात्र टाकू नका, बी-यू-आर-क्यू-ए, त्यात क्यूच्या पाठोपाठ नसला तरी यू आहेच, कोडं घालणाऱ्यानं "कुठंच नसावा" म्हटलंय ते बहुतेक ह्याच्यासाठीच.

आणि माझा आवडता, क्यू-ए-एन-ए-टी, कनात. तंबूची कनात नव्हे हां. ही इराणातली जुनी पाणी आणायची पद्धत, डोंगराच्या पायथ्याशी पाणी लागेपर्यंत विहीर खणायची आणि तिथनं गावापर्यंत हलक्या उताराचा बोगदा काढायचा, वर मधे मधे उभी भोकं ठेवायची म्हणजे माती काढता येते आणि साफसफाई करता येते. पंप नाही, काही नाही, पाणी आपलं आपण उतारानं येतं आणि जमिनीखालनं येत असल्यामुळं उन्हानं उडूनही जात नाही. आटपाडी-जतकडच्या दुष्काळी भागातल्या माणसाला ह्याची किंमत वेगळी सांगायला नको. आपल्याकडं मलिक अंबरनं औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, सतराव्या शतकात काढलेली नहर-ए-अंबरी ह्याच जातीची. मुलीला एवढं सांगा, स्पेलिंग जन्मात विसरणार नाही.

किल्ला, कलम, कायदा, हक्क, कर्ज ह्या सगळ्यांच्या मुळाशी तेच काफ आहे, पण हे काही ग्रुपवर टाकू नका, इंग्रजी म्हणून कोणी मान्य करणार नाही.

प्रश्न : मी रिटायर माणूस, रोज सकाळी चहाबरोबर वर्डल, म्हणजे सहा डावांत पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखायचा खेळ, खेळतो. पहिला शब्द कायम ए-डी-आय-ई-यू, अडियू टाकतो कारण त्यात चार स्वर एकदम तपासून होतात. तरी पाचव्या-सहाव्या डावापर्यंत रखडतो. (सदर बझार, सातारा)

उत्तर : काका, स्वरांवर एवढा भरवसा नको. शब्दात ए आणि ई आहेत हे कळलं तरी असले शब्द ढिगानं असतात, गाडी अडते ती व्यंजनांवर. त्यापेक्षा एस-एल-ए-टी-ई, स्लेट म्हणजे पाटी, हा टाकून बघा. नाहीच जमलं तर पुढचा सी-ओ-आर-एन-वाय, कॉर्नी, म्हणजे शिळा, ऐकून ऐकून कंटाळा आलेला विनोद. दोघांत एकही अक्षर रिपीट नाही, म्हणजे दोन डावांत दहा अक्षरं बघून झाली आणि हातात अजून चार डाव. अडियूचा अर्थ निरोप, तेव्हा त्याला तो द्याच. जोश वॉर्डल ह्या माणसानं हा खेळ २०२१ मधे सगळ्यांसाठी खुला केला आणि जानेवारी २०२२ मधे न्यूयॉर्क टाइम्सनं विकत घेतला, वर्डल हे नाव त्याच्या आडनावावरनंच.

प्रश्न : ए, ई, आय, ओ, यू यातलं एकही नाही असे पाच अक्षरी शब्द सांगा. मित्राशी पैज लागलीय. (कॉलेजकुमार, कराड)

उत्तर : भावा, वाय हाताशी धर, स्वराचं काम तोच करतो. सी-आर-वाय-पी-टी क्रिप्ट, चर्चखालचं दफनाचं तळघर. टी-आर-वाय-एस-टी ट्रिस्ट, प्रेमिकांनी ठरवून गाठलेली भेट, नेहरूंच्या १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्रीच्या 'ट्रिस्ट विथ डेस्टिनी' भाषणामुळं आपल्याकडं हा शब्द भलताच भारदस्त झाला. एम-वाय-आर-आर-एच मर्‍ह, म्हणजे हिराबोळ, गुग्गुळाच्या भाऊबंदातल्या झाडाचा डिंक, काष्ठौषधीवाल्याकडं मिळतो.

मित्र म्हणाला वाय पण नको, तर घाबरू नको. सी-आर-डब्ल्यू-टी-एच, उच्चार क्रूथ. वेल्समधलं जुनं तंतुवाद्य, बो, म्हणजे गज, लावून वाजवायचं, आणि वेल्श भाषेत डब्ल्यू हा चक्क स्वर आहे. मिरजेत सतारी करणाऱ्यांच्या गल्लीतही हे मिळायचं नाही, पण मोठ्या डिक्शनरीत मिळेल, पैज लावायच्या आधी पान उघडून ठेव.

प्रश्न : आठ अक्षरी, तीन ओ, एक प्राणी, आणि म्हणे मराठीतनं इंग्रजीत गेलाय. कोणता? (इस्लामपूर)

उत्तर : मुंगूस! एम-ओ-एन-जी-ओ-ओ-एस-ई, मॉन्गूस. शेवटी गूस दिसतं म्हणून त्याचं अनेकवचन मॉन्गीस करू नका, त्या बदकासारख्या पक्ष्याशी ह्याचा काडीचा संबंध नाही, सरळ मॉन्गूसेस.