वर्गात साथ आली आहे, मुलाला पाठवू की घरी ठेवू?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा चार वर्षांचा. त्याच्या वर्गात दोघांना हात-पाय-तोंडाचा आजार झालाय, डॉक्टर ज्याला एचएफएमडी म्हणतात तो. तुमच्या लेकाला अजून काही नाही, पण घरात पाच महिन्यांचं बाळ आहे. शाळा म्हणते पाठवा, सासूबाई म्हणतात साथ सरेपर्यंत उंबरा ओलांडू देऊ नका, आणि तुमची रजा संपत आलीय. मी 22 वर्षं पाळणाघर चालवलं आणि त्याच काळात माझी दोन मुलंही वाढवली, त्यामुळे हा पेच मला चांगला ओळखीचा आहे.

आधी तुमच्यापुरतं सांगते. मी तुमच्या जागी असते तर पाठवलं असतं.

कारण असं की, तुम्हाला निरोप मिळाला तेव्हा जे व्हायचं ते बहुधा होऊन गेलेलं होतं. या आजाराचा विषाणू थुंकीतून, शेंबडातून, फोडातल्या पाण्यातून आणि शीमधून पसरतो. आजाराच्या पहिल्या आठवड्यात तो सगळ्यात जास्त पसरतो, आणि काही मुलं तर एकही फोड न येता तो इतरांना देतात. ती दोन मुलं आजारी दिसायच्या आदल्या दिवशी तुमच्या मुलाशेजारी बसून त्याच खेळण्यांशी खेळलेली असणार. वर, बरं झालेल्या मुलाच्या शीतून हा विषाणू पुढचे कित्येक आठवडे जात राहतो. म्हणजे ‘साथ सरेपर्यंत’ घरी ठेवायचं म्हटलं तर ती तारीख कधी येणार हे कोणीच सांगू शकणार नाही. चार दिवस घरी ठेवून पाचव्या दिवशी कंटाळून पाठवलं, तर ते चार दिवस फुकट गेले.

त्यापेक्षा दिवस मोजा. लागण झाल्यापासून साधारण 3 ते 6 दिवसांत ताप किंवा फोड दिसतात. ती मुलं वर्गात शेवटची कधी आली होती ते विचारून घ्या आणि तिथून आठवडाभर रोज सकाळी मुलाला खिडकीपाशी उभं करून तोंड उघडायला लावा. जिभेच्या कडा, गालाच्या आतली बाजू, मग तळहात, तळपाय. लाल ठिपका दिसला, जेवताना रडला, नेहमीपेक्षा जास्त लाळ गळायला लागली, तर त्या दिवशी शाळा नाही. एवढं मिनिटभराचं काम आहे.

बाळासाठी खरी राखण घरातच होते. थोरल्याचा पेला, चमचा, रुमाल वेगळा. शाळेतून आल्यावर आधी साबणाने हात, मग बाळ. सॅनिटायझरवर विसंबू नका, या विषाणूवर त्याचा म्हणावा तसा परिणाम होत नाही, साबण आणि वाहतं पाणीच हवं. थोरल्यांना बाळाची बोटं तोंडात घ्यायची फार हौस असते, तेवढं काही दिवस थांबवा. मात्र बाळ महिन्याच्या आतलं असतं, दिवस भरण्याआधी जन्मलेलं असतं किंवा घरात कोणाची प्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी झालेली असती, तर मीच तुम्हाला म्हटलं असतं की डॉक्टरांशी बोला आणि तोवर आठवडाभर ठेवा घरी.

आता जरा मोठं बोलते, कारण हे उत्तर वाचून उद्या दुसरी कोणी आई गोवराच्या साथीत मूल पाठवेल, आणि ते मला नको आहे. ‘साथ आहे’ एवढ्यावर काहीच ठरत नाही. कशाची साथ, मुलाच्या लसी पूर्ण आहेत का, आणि घरात कोण आहे, या तिन्हीवर ठरतं. शाळेकडून निरोप आला की पहिल्यांदा आजाराचं नाव विचारा. ‘काहीतरी व्हायरल आहे’ हे उत्तर घेऊन परत येऊ नका.

गोवराचं उदाहरण घ्या. गोवर झालेलं मूल खोलीतून निघून गेल्यावरही त्याचा विषाणू 2 तासांपर्यंत हवेत राहतो. लस न घेतलेली 10 माणसं त्याच्या निकट आली तर त्यातल्या 9 जणांना लागण होते. आणि पुरळ उठायच्या 4 दिवस आधीपासून पुरळ उठल्यानंतर 4 दिवसांपर्यंत ते मूल गोवर पसरवत असतं. माझ्या पाळणाघरात एक मुलगी सर्दी, खोकला आणि लाल डोळे घेऊन आली. मी तिला नेहमीची सर्दी समजून आत घेतलं, दुपारी मांडीवर घेऊन झोपवलं. तीन दिवसांनी तिच्या कानामागून पुरळ उतरायला लागलं. पुढच्या दोन आठवड्यांत आठ महिन्यांच्या एका बाळाला गोवर झाला, त्याचं लसीचं वयही झालेलं नव्हतं. ते बाळ बरं झालं, पण त्याला दवाखान्यात ऑक्सिजन लावलेला मी पाहिलाय. गोवराची पहिली लस देशागणिक नऊ किंवा बारा महिन्यांनी देतात. त्याआधीची बाळं आपल्या भरवशावर असतात.

म्हणून गोवराची साथ असेल आणि मुलाची लस राहिली असेल, तर शाळा अजिबात नाही, आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. संपर्क आल्यापासून 72 तासांच्या आत लस दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होऊ शकतो. संपर्क आलेल्या, लस न झालेल्या मुलाला 21 दिवस घरी ठेवायला सांगतात. लांबलचक वाटतं, पण ते नेमकं आहे, त्याला शेवट आहे. दोन्ही डोस झालेल्या मुलाला मात्र साधारण 97 टक्के संरक्षण असतं. त्याला भीतीपोटी घरी बसवायची गरज नाही.

कांजिण्यांच्या बाबतीत दुसरीच अडचण येते. घरातलं कोणी तरी म्हणतंच, ‘लहानपणीच होऊन जाऊ दे, मोठेपणी त्रास होतो.’ मुद्दाम आजारी मुलाकडे खेळायला पाठवणारेही पाहिलेत. कृपा करून असं करू नका. तो विषाणू शरीरातून जात नाही, मज्जातंतूंच्या मुळाशी दबून राहतो आणि म्हातारपणी नागीण होऊन उठू शकतो. लस असताना मुलाला हे मुद्दाम का द्यायचं? आणि झाल्याच कांजिण्या, तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी. सगळ्या म्हणजे सगळ्या. मी केस बाजूला करून डोक्यात बघायचे, काखेत बघायचे, हमखास एखादा ओला फोड तिथे लपलेला सापडायचा. तापासाठी अॅस्पिरिन मुलांना कधीही नाही, त्याने मेंदू आणि यकृताला गंभीर इजा होऊ शकते.

आणि ताई, हाच प्रश्न तुम्ही डांग्या खोकल्याबद्दल विचारला असता तर माझं उत्तर उलटं झालं असतं. पाच महिन्यांच्या बाळाला तो जिवावर बेतू शकतो. इतक्या लहान बाळांना कधी कधी खोकल्याची उबळ येतच नाही, श्वासच थांबतो. थोरल्याच्या वर्गात तो आला असता तर मी त्याला घरी ठेवलं असतं आणि घरातल्या सगळ्यांनी प्रतिबंधक औषध घ्यायचं का ते त्याच दिवशी डॉक्टरांना विचारलं असतं.

डेंग्यूचं नाव ऐकून मूल घरी ठेवणारे पालकही भेटतात. डेंग्यू शेजारच्या मुलाकडून लागत नाही, डासाकडून लागतो, आणि तो डास दिवसा चावतो, घरातही चावतो. तिथे पूर्ण बाह्यांचे कपडे आणि साचलेलं पाणी काढणं महत्त्वाचं.

हे झालं निरोगी मुलाचं. आजारी मुलाबद्दल मला वाद घालायचाच नाही. ताप असलेलं मूल घरी. औषध न देता 24 तास ताप आला नाही की मग शाळा. उलट्या-जुलाब असतील तर शेवटची उलटी किंवा जुलाब झाल्यापासून 48 तास.

‘औषध न देता’ हे तीन शब्द मी का घालते ते सांगते. सकाळी साडेआठला दारात मूल घेताना माझा चेहरा त्याच्या तोंडाजवळ जायचा आणि पॅरासिटामॉलच्या सिरपचा तो गोड, स्ट्रॉबेरीसारखा वास यायचा. कपाळ गार, डोळे मात्र पेंगुळलेले. आईची नजर माझ्या नजरेला भिडायची नाही. साडेअकरा-बाराच्या सुमारास सिरपचा असर उतरला की मूल गादीवर आडवं व्हायचं, अंग तव्यासारखं तापलेलं, आणि तोवर बारा मुलांबरोबर खेळून झालेलं. त्या आयांवर मी कधी चिडले नाही. रजा मागितली की साहेबाचा चेहरा कसा होतो हे त्यांना ठाऊक असायचं. पण तो वास आला की मी मूल आत घेत नसे. नोकरी करणाऱ्या प्रत्येक घराने हे संकट यायच्या आधीच ठरवून ठेवावं, की मूल तापलं तर पहिला दिवस कोणाचा, दुसरा कोणाचा. हे दर वेळी आईवरच का पडतं, हा प्रश्न मला आजही छळतो.

तुमच्या मुलाला फोड आलेच तर घाबरू नका, बहुतेक मुलं सात ते दहा दिवसांत बरी होतात. धोका असतो तो पाणी कमी पडण्याचा, कारण तोंडातल्या फोडांमुळे मूल पाणीसुद्धा नाकारतं. गार, बिनआंबट काहीही घोट घोट द्या. सहा-आठ तासांत लघवी झाली नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, मूल सारखं पेंगतंय, दचकतंय किंवा ताप तीन दिवसांपलीकडे गेला, तर थांबू नका, दवाखाना गाठा. ताप उतरला, लाळ गळणं थांबलं, अंगावर ओले फोड नाहीत आणि मूल खेळायला लागलं की पाठवा. फिकट डाग राहिले तरी चालतं. पुढे काही आठवड्यांनी बोटांची नखं सुटून आली तर तेही याच आजाराचं आहे, नवीन नखं आपोआप येतात.

उद्या सकाळी बाईंना एवढंच विचारा: ती मुलं शेवटची कोणत्या दिवशी आली होती, आणि शी-शूनंतर मुलांचे हात साबणाने कोण धुऊन घेतं? दुसऱ्या प्रश्नाला नीट उत्तर मिळालं नाही तर माझा सल्ला बदलेल, मग हा आठवडा घरीच ठेवा. आणि सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांचा जीव बाळासाठी तुटतोय. थोरला शाळेतून आला की त्याचे हात धुऊन मगच बाळाजवळ जाऊ द्यायचं, हे काम त्यांच्याकडे सोपवा. तुम्ही कामावरून येईपर्यंत तिथे त्याच असणार आहेत.