स्टॅनफर्डच्या ह्युमॅनिटीज सेंटरची व्याख्यानं ऐकायला बाहेरच्या माणसाला जाता येतं का? आईबाबा सहा महिने सनीवेलला आलेत, इतिहासाची आवड आहे

हो, बिनधास्त घेऊन जा, तिथली बरीचशी व्याख्यानं सगळ्यांसाठी खुली आणि फुकट असतात. मी इथेच राहतो आणि जमेल तसं जात असतो, आजवर कुणी आयकार्ड विचारलेलं नाही. हे सेंटर १९८० पासून आहे, इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान अशा विषयांचे जगभरातले अभ्यासक वर्षभर तिथे बसून आपापलं पुस्तक लिहीत असतात आणि मग तेच काम लोकांपुढे मांडतात, त्यामुळे विषय एकदम ताजे मिळतात. खरी मजा शेवटच्या प्रश्नोत्तरांत आहे, माईक फिरायला लागला की पीएचडीवाली पोरं आणि गावातले रिटायर्ड आजोबा एकाच रांगेतून हात वर करतात आणि वक्ता दोघांनाही तितक्याच मन लावून उत्तर देतो. बाबांना सांगा प्रश्न आधीच कागदावर लिहून ठेवा, इंग्रजी अडखळलं तरी लोक थांबून ऐकतात. गाडी नसेल तर सनीवेलहून कॅलट्रेनने पालो अल्टोला उतरायचं, स्टेशनवरून स्टॅनफर्डची मार्गरीट (Marguerite) शटल बस कॅम्पसवर जाते, तीही फुकट. फक्त एक बघा, इव्हेंटच्या पानावर 'वर्कशॉप' लिहिलं असेल तर ते बहुतेक अभ्यासकांचं आपसातलं असतं, त्यांचा शोधनिबंध आधी वाचून यावं लागतं, नवख्या माणसाला कंटाळा येईल. 'लेक्चर' किंवा 'पॅनल' असेल तेच निवडा, आणि नावनोंदणी मागितली असेल तर आधीच करून टाका.