फवारलं तरी भुंगेरे जिवंत, औषध डुप्लिकेट आहे का?

प्रश्न: नमस्कार सर, अर्धा एकर वांगी आहे. पानांची पार जाळी झालीय, तांबूस रंगाचे काळ्या ठिपक्यांचे भुंगेरे आणि पिवळ्या काटेरी अळ्या दोन्ही दिसतात. दुकानातून नोव्हाल्युरॉन दिलं, फवारून ४ दिवस झाले तरी भुंगेरे आरामात फिरतायत. डुप्लिकेट औषध मिळालं का?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर: भाऊ, लगेच डुप्लिकेट म्हणू नका. हा एपिलॅक्ना, म्हणजे हड्डा भुंगा. आणि नोव्हाल्युरॉन हे कीड वाढ नियंत्रक आहे, ते नसांवर मारा करत नाही, ते किड्याचं कवच ज्याचं बनतं ते कायटिन तयार होऊ देत नाही. अळीला मोठं व्हायचं तर कात टाकावी लागते, अन् औषध पोटात गेलेली अळी नेमकी तिथंच अडकते, नवी कातडी लेचीपेची राहते आणि ती मरते. पण कात टाकायची वेळ येईपर्यंत ती पान खातच असते, म्हणून ४ दिवसांत रिझल्ट पूर्ण दिसत नाही. भुंगेऱ्याचं तर कात टाकणं केव्हाच संपलंय, तो मरणार कशाला?

सकाळी पानं उलटी करून बघा. काळपट, सुरकुतलेली, जुनी कात अंगालाच चिकटलेली अळी दिसली की समजा औषध लागू पडतंय.

आता खरं सांगतो, सगळा खेळ टायमिंगचा आहे. पानाखाली पिवळी, उभी, लांबट अंडी पुंजक्यानं असतात, ती फुटून बारीक अळ्या एकत्र बसलेल्या असतात तेव्हा फवारणी हवी, आणि नोझल खालून वर धरा, नुसतं वरून भिजवून काही होत नाही. अंड्यांची पानं तोडून टाका, भुंगेरे सकाळी सुस्त असतात तेव्हा वेचून साबणाच्या पाण्यात टाका, अर्ध्या एकरात हे सहज जमतं. ५ टक्के निंबोळी अर्कही (१०० लिटरला ५ किलो निंबोळी) चांगला, त्यातलं अझाडिरॅक्टिनसुद्धा कात टाकण्यातच घोळ घालतं, शिवाय अळीची खायची इच्छा मरते. पुढचं औषध घेताना लेबलवर वांगी आणि ही कीड लिहिलीय का ते वाचून मगच घ्या.

आणि हो, चकचकीत पाठीचे ढालकिडे मारू नका, ते मावा खातात. हड्ड्याच्या पाठीवर बारीक लव असते, चमक नसते. शेजारी कुणाची तुती असेल तर वारा बघूनच पंप चालवा, रेशीम अळीलाही कात टाकावीच लागते, फवारा उडालेला पाला खाल्ला तर त्यांची अख्खी बॅच जाईल.