नवीन बॅटरी टाकूनही जुनी गाडी दोन-तीन दिवसांत डाऊन होते, करंट कुठे जातोय कसं शोधू?

‘बॅटरी बदलून झाली, आता काय?’ असं तुम्ही लिहिलंत आणि मला आमचे दाजी आठवले.

माझी 2006 ची वॅगन आर. रविवारी रात्री लावली की बुधवारी सकाळी किल्ली फिरवल्यावर नुसतं कट्-कट्. आमची गल्ली साताऱ्यातली, उताराला तोटा नाही. दुसरा गिअर टाकायचा, क्लच सोडायचा, गाडी सुरू. त्या जोरावर मी दोन महिने काढले, हा माझा गाढवपणा. दाजींचं निदान ठरलेलं: "बॅटरी मेली रे, नवीन टाक." टाकली. दहा दिवसांत पुन्हा तेच. मग दाजी म्हणाले, "तुला जुना माल दिला दुकानदाराने."

तेव्हा चिडून करंट मोजायचा मीटर (मल्टिमीटर) आणला. बॅटरीची काळी वायर सोडवली, मीटर 10 अँपिअरच्या सॉकेटवर घेऊन वायर आणि टर्मिनलच्या मधे जोडला. घड्याळ, स्टिरिओची मेमरी वगैरे धरून जुन्या गाडीत 20 ते 50 मिलिअँपिअर जातात, तेवढे माफ. माझ्याकडे 620! बॅटरी 35 अँपिअर-अवरची, म्हणजे 56 तासांत पार रिकामी. रविवार रात्र ते बुधवार सकाळ मोजून बघा.

मग सगळे सांगतात तसे फ्यूज एकेक करून काढले, ज्याने आकडा पडेल त्या लाइनीत चोर. आकडा ढिम्म. वायरिंगवाल्याला फोन केला तर म्हणाला, अल्टरनेटरचा (चालू गाडीत बॅटरी चार्ज करतो तो) डायोड लीक असेल, त्याची जाड वायर आतल्या फ्यूज बॉक्समधून जातच नाही. तीही सोडवली, टोकाला टेप गुंडाळला. तरी 620. गुडघे गेले, अर्धा दिवस गेला. शेवटी पाने परत डिकीत ठेवताना हात बास ट्यूबला लागला, म्हणजे आत अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या नळकांड्यासारख्या मोठ्या स्पीकरला. डिसेंबरची सकाळ, गाडी रात्रभर उभी, पत्रा बर्फासारखा, आणि ही बया झोपलेल्या मांजरीच्या पोटासारखी कोमट.

ट्यूब दाजींची दिवाळीची भेट. बसवलीही त्यांच्याच ओळखीच्या अ‍ॅक्सेसरीवाल्याने, "माझा माणूस आहे" म्हणून. तिची मोठी वायर थेट बॅटरीवरून, फ्यूज बॅटरीशेजारीच. त्यात गैर काही नाही, तशीच घेतात. पण ट्यूबला जागं करणारी जी बारीक रिमोट वायर असते, तिला स्टिरिओ चालू असतानाच करंट मिळायला हवा. या गड्याने ती ट्यूबच्याच त्या बॅटरीवरून आलेल्या, कायम चालू असणाऱ्या मोठ्या वायरला पीळ मारून जोडलेली. म्हणजे गाणं असो नसो, बाईसाहेब रात्रभर जाग्या. स्टिरिओच्या निळ्या-पांढऱ्या रिमोट वायरवर घेतली आणि आकडा 30 वर आला. मीटरचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. दाजींनी नुसता अंगठा पाठवला.

म्हणून माझं ऐका, फ्यूजच्या मागे नंतर लागा. आधी गाडीत बाहेरून काय काय बसवलंय ते आठवा: स्टिरिओ, सेंट्रल लॉक, अलार्म, रिव्हर्स कॅमेरा. मीटर लावून एकेकाची वायर सोडवा. गाडी सेकंडहँड असेल तर डॅशबोर्डखाली टॉर्च मारा, पिळून टेप मारलेला जोड दिसला की चोर तिथेच. आणि नातेवाइकाच्या ओळखीने वायरिंग करून घेऊ नका. काम फसलं तर धड भांडताही येत नाही.

हो, आधी सांगायला हवं होतं: मीटर मधे असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. मोजताना दार उघडं ठेवायचं तर त्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरने बंद स्थितीत ढकला, नाहीतर आतला दिवाच मोजत बसाल. डिकीचा दिवाही बघा. किल्ली काढल्यावर अर्धा तास थांबून मगच आकडा खरा माना. बॅटरी चार्ज करून घ्या, वारंवार पूर्ण उतरली की नवीनसुद्धा खराब होते.

आणि माझी जुनी बॅटरी साडेचार वर्षांची होती, तिचंही वय झालंच होतं. दाजी हे वाचत असतील तर तेवढं एक त्यांचं बरोबर.