रोज सकाळी डॅशबोर्डवर टायरमधली हवा कमी असल्याचा पिवळा दिवा लागतो, दुपारपर्यंत आपोआप विझतो. पंक्चरवाला म्हणतो हवा बरोबर आहे, सेन्सर खराब असेल. काय करू?

सेन्सर बदलू नका, निदान आत्ता तरी नको. तुम्ही लिहिलंय की गाडी तीन वर्षांची आहे, नाशिकला असता, दिवा डिसेंबरपासून त्रास देतोय आणि हवा दर वेळी ऑफिसवरून येताना पंपावर भरता. या शेवटच्या वाक्यातच सगळी गोम आहे.

मीही नाशिकचाच, आणि दोन हिवाळे हाच गोंधळ घातला. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेला आकडा, समजा ३३ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक), हा थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी तीनेक तास उभी असलेली, किंवा जेमतेम दोन-तीन किलोमीटर चाललेली. तुम्ही दहा-बारा किलोमीटर ट्रॅफिकमधून येता, टायर तापलेला, आतली हवा फुगलेली. पंपावरचा पोरगा मशीनवर ३३ लावतो, टूं वाजतं, आपण पन्नास रुपयांचं काम फुकटात झालं म्हणून खूश. तोच टायर घरी येऊन निवला की २९-३० वर येतो.

आता रात्र. आपल्याकडे जानेवारीत दुपारी २८ आणि पहाटे १० हे काही नवल नाही (निफाडकरांचं तर विचारूच नका, तिथे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायची वेळ येते). दहा अंश तापमान उतरलं की दाब साधारण दीड पीएसआयने उतरतो. म्हणजे अठरा अंशांना जवळपास तीन गेले. शिवाय धडधाकट टायरमधूनही महिन्याला एखाद-दुसरा पीएसआय रबरातून झिरपतोच. हिशोब मांडा: ३३ भरले, सकाळी हातात उरले २५ नाहीतर २६. बऱ्याच गाड्यांत दिवा ठरलेल्या दाबाच्या पाव हिस्सा कमी झाला की लागतो, म्हणजे ३३ ला पावणेपंचवीसच्या आसपास, काहींत त्याआधीच. दुपारी ऊन आणि रस्ता टायर तापवतात, दाब चढतो, दिवा विझतो. पंक्चरवाल्याकडे तुम्ही जाणार दुपारीच, त्याचा गेज (दाब मोजायचं यंत्र) ३१-३२ दाखवणार. तो खोटं बोलत नाही, दिवाही खोटं बोलत नाही.

हा पाव हिस्सा आला अमेरिकेतून. तिथे फायरस्टोनचे टायर फाटून फोर्ड एक्सप्लोरर उलटण्याचं प्रकरण गाजलं, २००० साली कायदा झाला आणि पुढे नव्या गाड्यांना हा दिवा सक्तीचा झाला. थोडक्यात, दिवा लागतो तेव्हा हवा 'जराशी' कमी नसते, चांगलीच कमी असते. दिवा नाही म्हणजे हवा ठीक, असंही समजू नका.

तर करायचं काय? दोनेकशे-पाचशेचा साधा गेज घ्या आणि रविवारी सकाळी, गाडी हलवायच्या आधी, चारही चाकं स्वतः मोजा. घरी छोटा कॉम्प्रेसर असेल तर तिथेच ३३ करा. नसेल तर कमी पडलेला आकडा लिहून घ्या आणि पंपावर तेवढीच भर घाला: सकाळी २८ होते ना, मग पंपावर मशीन जे दाखवेल त्यात ५ मिळवा, भले ते ३६ होवो. दुपारी ३६ दिसले म्हणून घाबरून हवा सोडू नका. टायरच्या कडेला कोरलेला मोठा आकडा भरायचा दाब नसतो, ती कमाल मर्यादा असते.

नायट्रोजनने हे सुटेल असं कुणी म्हणालं तर हसून सोडा. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच आहे, आणि थंडीत दोन्ही सारखेच आक्रसतात.

गाडीत प्रत्येक चाकाचा आकडा दिसतो का ते लिहिलं नाहीत. दिसत असेल तर चाकात सेन्सर आहेत. नुसताच दिवा असेल तर बहुधा गाडी एबीएसवरून (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणारी यंत्रणा) चाकांच्या फिरण्याचा वेग ताडून पाहत असते: कमी हवेचं चाक किंचित लहान होतं, म्हणून जास्त फिरतं. अशा गाडीत हवा भरल्यावर मेन्यूतून रीसेट करावंच लागतं. ते थंड टायरवर, चारही चाकं बरोबर भरल्यावरच करा. कमी हवेवर रीसेट केलंत तर गाडी तीच हवा योग्य मानून बसेल. आणि चारही चाकं सारखीच उतरली तर ही पद्धत फसू शकते.

सेन्सर खरंच बिघडला असेल तर दिवा वेगळा वागतो. गाडी चालू केल्यावर मिनिटभर लुकलुकतो, मग स्थिर राहतो. स्टेपनी लावल्यावरही कधी असं होतं, कारण तिच्यात बहुतेकदा सेन्सर नसतो. ट्यूबलेस टायर उतरवताना पंक्चरवाल्याला 'वॉल्व्हपाशी सेन्सर आहे' एवढं आधी सांगा, टॉमी (टायर काढायची लोखंडी पट्टी) तिथेच घातली की तो तुटतो.

एक सावधगिरी मात्र मी माझ्या पैशाने शिकलोय. दुसऱ्या हिवाळ्यात दिवा लागला, मी म्हटलं थंडीच. तीन दिवस. चौथ्या दिवशी घोटीच्या पुढे मागचं डावं चाक बसलं. ट्रेडमध्ये, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीच्या भागात, खिळा होता, पण तसंच चालवल्यामुळे टायरची बाजू आतून चुरली होती, पॅच लावण्यासारखं काही उरलंच नाही. थंडीने चारही चाकं जवळजवळ सारखी उतरतात. म्हणून मोजताना बघा: एकच चाक इतरांपेक्षा तीन-चार पीएसआय खाली असेल आणि आठवड्याने पुन्हा तेच खाली गेलं, तर वॉल्व्हच्या तोंडावर साबणाचं पाणी टाका. बुडबुडा आला तर वॉल्व्हमधली पिन बदलून काम होईल, नाही आला तर चाक खोलून पाण्यात बुडवायला सांगा.

रविवारचे चार आकडे इथेच खाली टाका, बघू.