एच-१बी लॉटरी: दोन कंपन्या, पुण्याची एम.ई. आणि वेतनपातळीचा नवा हिशेब

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. एच-१बी, म्हणजे अमेरिकेत विशेष ज्ञानाची नोकरी करण्याचा व्हिसा, त्याच्या सोडतीत पुण्यात राहून दोन वेगवेगळ्या अमेरिकन कंपन्यांकडून नाव टाकलं तर संधी दुप्पट होते का? पुणे विद्यापीठाची एम.ई. मास्टर्सच्या कोट्यात चालते का? आणि नाव निघालं की व्हिसा पक्का का? तिन्हींचं उत्तर 'नाही' असंच आहे. पहिल्या बाबतीत तर दुसरी कंपनी तुमचं नुकसानही करू शकते, त्यामुळे तो भाग नीट वाचा.

आधी सोडत कशी होते ते. दरवर्षी जागा ६५,००० आणि अमेरिकेतल्या मास्टर्स किंवा त्यावरच्या पदवीधरांसाठी वेगळ्या २०,०००. पहिल्या आकड्यातल्या ६,८०० चिली आणि सिंगापूरसाठी राखून ठेवतात. २०१९ पासून क्रम असा आहे: आधी सगळ्यांची नावं एकत्र घालून ६५ हजारांचा कोटा भरायचा, मग उरलेल्यांपैकी फक्त अमेरिकन मास्टर्सवाल्यांमधून २० हजारांचा. पूर्वी हे उलट होतं. क्रम फिरवल्याने अमेरिकेत शिकलेल्यांचा एकूण वाटा वाढला. निवडताना जागांपेक्षा जास्त नावं काढतात, कारण काही कंपन्या पुढे पिटिशनच (निवडीनंतर कंपनीने करायचा मुख्य अर्ज) दाखल करत नाहीत आणि काही अर्ज नामंजूर होतात. मार्च २०२५ च्या सोडतीत पात्र रजिस्ट्रेशन (कंपनीने उमेदवारासाठी केलेली नावनोंदणी) ३,४३,९८१ होती आणि निवडली गेली १,२०,१४१. चिली-सिंगापूरच्या जागा सोडल्या तर देशवार कोटा इथे नाही. भारतीयांना अडवणारी ती एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा ग्रीन कार्डची, लोक दोन्हींची गल्लत करतात.

एम.ई.चा प्रश्न लगेच संपतो. २० हजारांच्या कोट्यासाठी पदवी अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त संस्थेचीच लागते, आणि ती संस्था सरकारी किंवा ना-नफा असावी लागते. नफ्यासाठी चालवलेल्या कॉलेजची मास्टर्स अमेरिकेतली असूनही चालत नाही. पिटिशन दाखल होण्याआधी पदवी पूर्ण झालेली असावी लागते. तुमची एम.ई. वाया जात नाही, नोकरीसाठी लागणारी पात्रता दाखवायला ती उपयोगी पडते. पण रजिस्ट्रेशनमध्ये मास्टर्सच्या रकान्यात कुणी 'हो' लिहिलं आणि त्या दुसऱ्या फेरीत तुमचं नाव निघालं, तर पिटिशन नामंजूर होईल. तिथून सर्वसाधारण कोट्यात ढकलण्याची सोय नाही.

आता दोन कंपन्यांचं. मार्च २०२३ पर्यंत प्रत्येक रजिस्ट्रेशन म्हणजे एक स्वतंत्र नाव होतं. त्या वर्षी ७,५८,९९४ पात्र रजिस्ट्रेशनांपैकी तब्बल ४,०८,८९१ ही एकाहून जास्त रजिस्ट्रेशन असलेल्या उमेदवारांची होती. एकाच माणसासाठी संगनमताने पाच-सात कंपन्या उभ्या करण्याचा धंदा तेव्हा जोरात होता. मार्च २०२४ पासून सोडत माणसानुसार होते आणि माणूस ओळखला जातो पासपोर्ट क्रमांकावरून. दोन कंपन्या असल्या काय किंवा दहा, तुम्ही एकच. फायदा इतकाच की नाव निघालं तर तुमच्यासाठी रजिस्ट्रेशन केलेल्या सगळ्या कंपन्यांना पिटिशन दाखल करता येतं आणि निवड तुमच्या हातात राहते.

२०२६ च्या हंगामापासून त्यावर वेतनपातळीचं वजन आलं. अमेरिकेचं कामगार खातं प्रत्येक व्यवसायासाठी आणि प्रत्येक भागासाठी पगाराच्या चार पातळ्या ठरवतं. भिशीत चार हप्ते भरणाऱ्याच्या नावाच्या चार चिठ्ठ्या पडतात, तसंच: चौथ्या पातळीवरच्या उमेदवाराचं नाव चार वेळा, तिसऱ्याचं तीन, दुसऱ्याचं दोन, पहिल्याचं एकदा. दोन्ही कोट्यांना हेच लागू. नियमाचा मसुदा काढताना सरकारनेच मांडलेला निवडीच्या शक्यतेचा अंदाज पहिल्या पातळीला साधारण १५ टक्के, मग ३१, ४६ आणि चौथीला ६१ टक्के असा होता. नुकत्याच लागलेल्या मुलांना हा नियम महागात पडणार हे त्यातून उघड दिसतं.

पातळी नुसत्या पगारावर ठरत नाही. व्यवसायाचा कोड (कामाच्या प्रकाराला दिलेला सरकारी क्रमांक) आणि काम करण्याचं ठिकाण हे दोन्ही बघतात. एकाच पगाराला सॅन होजेत पहिली पातळी मिळते आणि अमेरिकेच्या मधल्या भागातल्या एखाद्या छोट्या शहरात तिसरी किंवा चौथीसुद्धा. कामगार खात्याच्या 'फ्लॅग' संकेतस्थळावर वेतनशोध आहे. तिथे कोड आणि काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) टाकून चारही आकडे बघा. तुमच्या पगाराने त्यातला सर्वांत वरचा जो आकडा गाठला असेल ती तुमची पातळी. ऑफर लेटरवरचा एकूण आकडा घेऊ नका, शेअर्स आणि खात्री नसलेला बोनस त्यातून वगळा. पगार 'इतका ते इतका' असा लिहिला असेल तर खालचा आकडा धरतात. क्लायंटच्या ऑफिसात बसणार असाल तर ठिकाण तेच, कंपनीचं मुख्यालय नाही. कामाची ठिकाणं एकाहून जास्त असतील तर त्यांतली सर्वांत खालची पातळी मोजतात.

तुमची मेख इथेच आहे. दोन कंपन्यांनी वेगवेगळ्या पातळ्या दाखवल्या तर तुमचं नाव खालच्या पातळीने धरलं जातं. एक कंपनी तिसरी पातळी देत असेल आणि दुसरी कन्सल्टन्सी 'असू द्या एक बॅकअप' म्हणून पहिल्या पातळीवर नाव टाकत असेल, तर तीन चिठ्ठ्यांची एक होईल. दुसऱ्या कंपनीला होकार देण्याआधी कोड, ठिकाण आणि पातळी लेखी मागा. सांगायला टाळाटाळ करत असतील तर सरळ नाही म्हणा.

पातळी फुगवून नाव काढू आणि पुढे बघू, असंही कुणी सुचवेल. पिटिशनमध्ये तोच कोड, तीच पातळी आणि तिचा पुरावा द्यावा लागतो. निवडीसाठी आकडा वाढवून नंतर पगार उतरवला असं दिसलं तर अर्ज नामंजूर होतो, मंजूर झालेला असला तरी रद्द होऊ शकतो.

वेळापत्रक ठरलेलं आहे. मार्चमध्ये किमान १४ दिवस रजिस्ट्रेशन, माणशी २१५ डॉलर. निकाल ३१ मार्चपर्यंत. निवड झाली तर १ एप्रिलपासून पिटिशन दाखल करायला किमान ९० दिवस. त्याआधी कामगार खात्याकडून एलसीए (पगार आणि कामाच्या अटींची हमी देणारा कंपनीचा अर्ज) मंजूर करून घ्यावा लागतो, त्याला कामाचे सात दिवस जातात. कंपनीची पहिलीच वेळ असेल तर तिच्या कर क्रमांकाची पडताळणी आधी होते आणि तिथे आणखी दिवस जातात, म्हणून जूनची वाट बघणं धोक्याचं. काम सुरू करता येतं १ ऑक्टोबरपासून. प्रशिक्षण शुल्क (२५ पर्यंत कर्मचारी असल्यास ७५०, नाहीतर १,५०० डॉलर) आणि ५०० डॉलरचं फसवणूक-प्रतिबंध शुल्क कंपनीनेच भरायचं, तुमच्याकडून घेता येत नाही. 'लॉटरीत नाव टाकायचे इतके लाख' म्हणणाऱ्याच्या वाटेलाच जाऊ नका.

तिसरा प्रश्न. नाव निघणं म्हणजे फक्त पिटिशन दाखल करण्याची परवानगी. नोकरी विशेष ज्ञानाची आहे, तुमची पदवी तिच्याशी जुळते, कंपनी खरी आहे, हे सगळं तिथून पुढे सिद्ध करायचं असतं. तुम्ही भारतात आहात, म्हणून आणखी दोन पायऱ्या येतात. पहिली, २१ सप्टेंबर २०२५ पासूनच्या राष्ट्राध्यक्षीय आदेशाने आलेली एक लाख डॉलरची रक्कम. ती अमेरिकेबाहेर असलेल्या आणि वैध एच-१बी व्हिसा नसलेल्या उमेदवाराच्या नव्या पिटिशनवर लागते. तिथेच शिकून देश न सोडता स्टेटस (व्हिसाचा प्रकार) बदलून घेणाऱ्याला, तो बदल मंजूर झाला तर, लागत नाही. आदेश मुळात १२ महिन्यांसाठी होता, तेव्हा पिटिशनच्या दिवशी काय लागू आहे हे कंपनीच्या वकिलाकडून लेखी घ्या आणि कंपनी ती रक्कम भरणार आहे का, हे रजिस्ट्रेशनच्या आधीच विचारा. बऱ्याच कंपन्या इथेच मागे हटतात. दुसरी पायरी मुंबईच्या वकिलातीतलं स्टॅम्पिंग, म्हणजे मुलाखत देऊन पासपोर्टवर व्हिसा घेणं. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी अर्जदारांची समाजमाध्यमांवरची खातीही तपासतात आणि ती सार्वजनिक ठेवायला सांगतात. मुलाखतीच्या तारखा त्यामुळे मागे-पुढे होतात, तिकिटं आधी काढू नका.

पासपोर्टबद्दल थोडं, कारण आपल्या नावांचा घोळ इथेच होतो. रजिस्ट्रेशनमध्ये नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहायचं. आपल्याकडे कुणाच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव 'गिव्हन नेम'मध्ये असतं, कुणाच्या नसतं, कुणाचा आडनावाचा रकाना रिकामा असतो. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांच्या बाबतीत पदवी एका नावावर आणि पासपोर्ट दुसऱ्या, मग विवाहाचा दाखला किंवा राजपत्र पिटिशनला जोडावं लागतं. दोन्ही कंपन्यांना एकाच पासपोर्टची प्रत द्या. मुदत संपत आली असेल तर नूतनीकरण फेब्रुवारीआधी उरका. मध्येच क्रमांक बदलला तर जुन्या-नव्या दोन्ही पासपोर्टच्या प्रती देऊन खुलासा करावा लागतो. एकाच कंपनीने चुकून दोनदा नाव टाकलं तर त्या कंपनीची तुमच्यासाठीची दोन्ही रजिस्ट्रेशन बाद होतात.

३१ मार्चनंतर कंपनीच्या खात्यात तुमच्या नावापुढे 'सबमिटेड' दिसत राहिलं तर अजून नाकारलेलं नाही. जागा उरल्या तर त्याच नावांतून पुन्हा फेरी होते. २०२४ मध्ये ऑगस्टला तशी झाली, २०२५ मध्ये झालीच नाही. आणि गेल्या काही वर्षांत कधी कोट्यातल्या एच-१बीवर तिथे काम केलं असेल, या व्हिसाच्या कमाल सहा वर्षांतली मुदत शिल्लक असेल, तर ही सोडत तुम्हाला लागूच नाही. एकदा कोट्यात मोजलेल्याला पुन्हा लॉटरी लागत नाही. विद्यापीठं आणि ना-नफा संशोधन संस्थांच्या नोकऱ्यांनाही नाही.