चिकूचा खोकला आणि सासूबाईंचा काढा

प्रश्न : आमचा चिकू आठ वर्षांचा स्पिट्झ आहे. दिवाळीत आम्ही गणपतीपुळ्याला गेलो तेव्हा त्याला बोर्डिंगमध्ये ठेवलं होतं. घरी आणल्यावर आठवड्याच्या आत कोरडा, ठसकेदार खोकला सुरू झाला. घशात हाड अडकल्यासारखं करतो आणि शेवटी पांढरा फेस टाकतो. डॉक्टरांनी केनेल कफ सांगून गोळ्या दिल्या, नंतर बदलूनही दिल्या. जरा उतार पडतो, पुन्हा तेच. दीड महिना होत आला. रात्री आणि पट्टा ओढला गेला की जास्त. खाणं-खेळणं छान आहे, वजन मात्र वाढलंय. सासूबाई मनुका-ज्येष्ठमधाचा काढा आणि मधातून कांद्याचा रस देतात. आता आणखी भारी अँटिबायोटिक द्यावं का? दरवर्षी लस देऊनही हे कसं झालं? घरात दोन वर्षांची नात आहे, तिला धोका आहे का?
(एक वाचक, इंदिरानगर, नाशिक)

उत्तर : अँटिबायोटिकचं नंतर बोलू. आधी तो काढा आणि कांद्याचा रस बंद करा, आजच्या आज. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. घरातल्या माणसांना त्यांनी तो जरूर द्यावा. पण द्राक्ष आणि कांदा, ज्यांच्या जिवावर आपला जिल्हा मिरवतो ती दोन्ही पिकं कुत्र्याला विषारी आहेत. द्राक्षानं आणि मनुक्यानं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, आणि किती खाल्ल्यावर होईल याचा काही नेम नसतो. एखादा कुत्रा मूठभर पचवतो, दुसरा थोडक्यात आडवा होतो. कांदा कच्चा असो, शिजवलेला असो की रस, त्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. ज्येष्ठमधानं शरीरात मीठ आणि पाणी धरून राहतं, आणि चिकूच्या हृदयाची तपासणी व्हायची आहे, म्हणून तेही नको. डॉक्टरांकडे जाल तेव्हा हे सगळं दिल्याचं न लाजता सांगा आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन व रक्तासाठी हिमोग्लोबिन तपासून घ्या. उलट्या, मरगळ, लघवी कमी किंवा लालसर, हिरड्या फिकट असं काही दिसलं तर त्याच दिवशी गाठा.

आता खोकला. केनेल कफ हा एकाच जंतूचा आजार नव्हे. बोर्डेटेला नावाचा जिवाणू, पॅराइन्फ्लुएन्झा आणि अ‍ॅडिनोव्हायरससारखे विषाणू, मायकोप्लाझ्मा, यातला कुणी एकटा येतो, कधी दोघंतिघं मिळून येतात. बोर्डिंगमध्ये शेजारच्या पिंजऱ्यातला कुत्रा खोकला तरी पुरतं. लागण झाल्यापासून साधारण २ ते १० दिवसांत लक्षणं दिसतात, तुमचा हिशोब त्यात बसतो. म्हणजे पहिलं निदान बहुधा बरोबरच होतं. पण खातापिता, ताप नसलेला कुत्रा यातून एक ते तीन आठवड्यांत सहसा आपोआप बाहेर येतो. बोर्डेटेला श्वासनळीतल्या बारीक केसांना चिकटून त्यांची हालचाल बंद पाडतो. ते अस्तर पुन्हा धड व्हायला वेळ लागतो, म्हणून खोकला थोडा रेंगाळतो. दीड महिना मात्र फार झाला. अशा वेळी औषध किती भारी आहे यापेक्षा दुखणं नेमकं कुठं आहे, हे विचारायला हवं.

तुमच्या पत्रात मला दोन गोष्टी खुपल्या. पट्ट्याचा ताण आणि रात्र.

आठ वर्षांचा, वजन वाढलेला स्पिट्झ गळ्याला ओढ बसली की खोकतो, तेव्हा माझा पहिला संशय श्वासनळी सैल पडण्यावर जातो. या नळीला कूर्चेच्या कड्या असतात, इंग्रजी सी अक्षरासारख्या. लहान जातींमध्ये त्या वयानुसार मऊ पडतात आणि नळी चपटी होते. दुखणं आधीपासून दबून असतं, केनेल कफ येतो आणि ते उघडं पाडतो. जंतू गेले तरी खोकला मागे राहतो. तपासताना मी गळ्याखाली नळीवर दोन बोटं अलगद टेकवते. अशा कुत्र्याला तेवढ्यानंच ठसक्यांची माळ लागते, बदक ओरडावं तसा आवाज. केनेल कफमध्येही नळी दाबली की खोकला येतोच, त्यामुळे एवढ्यावर निदान करता येत नाही. घरी हा प्रयोग करत बसू नका. एक्स-रे मात्र दोन काढायला सांगा, एक श्वास आत घेताना आणि एक सोडताना. मानेतली नळी श्वास घेताना चपटी होते, छातीतली सोडताना. एकाच फोटोत ती चकवा देऊ शकते.

रात्रीच्या खोकल्याला हृदय कारण असू शकतं. उतारवयातल्या लहान कुत्र्यांत डाव्या बाजूची झडप गळू लागते, हृदय फुगतं आणि वरच्या श्वासनलिकेला टेकतं. डॉक्टरांना स्टेथोस्कोपनं मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, ऐकू येते. तुमच्या हातात एक सोपं काम आहे. चिकू गाढ झोपला की मोबाइलवर एक मिनिट लावा आणि छाती किती वेळा वर येते ते मोजा. ३० च्या आत असेल तर ठीक. रोज त्याहून जास्त भरत असेल तर वाट पाहू नका. त्याच मोबाइलवर खोकल्याचा व्हिडिओही घ्या, कारण दवाखान्याच्या टेबलावर चढला की कुत्रा हमखास खोकायचं विसरतो!

जुन्या चिठ्ठ्या काढून कुठली औषधं झाली तेही बघा. बोर्डेटेला आणि मायकोप्लाझ्मावर डॉक्सिसायक्लिन पहिल्या पसंतीचं आहे, बहुधा ७ ते १० दिवस. अमॉक्सिसिलिनच्या घराण्यातली औषधं जंतूच्या पेशीभिंतीवर काम करतात आणि मायकोप्लाझ्माला ती भिंतच नसते, तिथं ती कितीही भारी दिली तरी व्यर्थ. डॉक्सिसायक्लिन झालेलं असेल आणि तरी हे चालू असेल, तर तिसरा कोर्स आंधळेपणानं नको; घशाच्या स्वॅबची तपासणी करून मगच. गोळी दुधातून देऊ नका, घासाबरोबर द्या आणि वर पाणी पाजा, अन्ननलिकेत चिकटली तर जखम करते. घरातलं माणसांचं कफ सिरप तर अजिबात नको. त्यात कधी पॅरासिटामॉल असतं, कधी गोडव्यासाठी घातलेलं झायलिटॉल, कधी नाक मोकळं करणारं औषध. खोकला दाबायचं औषध डॉक्टर कोरड्या खोकल्यात देतात, ओल्यात नाही, आणि तो फरक त्यांनाच करू द्या.

तोवर गळ्यातला पट्टा काढून छातीचा हार्नेस घाला. एवढ्यानं निम्मा खोकला कमी झालेले कुत्रे मी पाहिले आहेत. निफाडचा पारा बातम्यांत येऊ लागला की पहाटेचं फिरणं थांबवा, ऊन आल्यावर थोडं चाला. धूप, अगरबत्ती, मच्छरांची कॉइल त्याच्या खोलीत नको. गरम पाण्याचा नळ सोडून वाफ भरलेल्या बाथरूममध्ये दहा मिनिटं त्याच्याबरोबर बसा, पाणी अंगावर नको. आणि वजन उतरवा. पोळीचा शेवटचा तुकडा कोण देतं ते घरात शोधून काढा.

लशीचं असं, की नेहमीच्या ‘सात-इन-वन’ वगैरे इंजेक्शनात पॅराइन्फ्लुएन्झा आणि अ‍ॅडिनोव्हायरस असतात, बोर्डेटेला सहसा नसतो. त्याची लस वेगळी, नाकात थेंब टाकायची किंवा टोचायची. ती घेतली तरी सौम्य खोकला होऊ शकतो, पण दुखणं सहसा लांबत नाही. चिकू पूर्ण बरा झाल्यावर ती घ्या, आणि पुन्हा बोर्डिंगला ठेवण्याच्या आदल्या दिवशी नव्हे, दोन-तीन आठवडे आधी. टोचायची लस पहिल्यांदा घ्याल तर दोन डोस लागतात, त्याचा वेळ धरा.

नात धडधाकट असेल तर काळजी नको. बोर्डेटेला माणसाला क्वचितच होतो, आणि झालाच तर ज्यांची प्रतिकारशक्ती खालावली आहे त्यांना. तिचं तोंड मात्र चाटू देऊ नका. सोसायटीतल्या कुत्र्यांना खरा धोका आहे. लक्षणं ओसरल्यावरही काही आठवडे बोर्डेटेला श्वासावाटे बाहेर पडत राहू शकतो. चिकूला त्यांच्यात इतक्यात सोडू नका, त्याची पाण्याची वाटीही वेगळी ठेवा.